पोपट उजवीकडे, शोध डावीकडे

जॅकलीन गादीवर बसली आहे. वय दहा महिने अठरा दिवस. लक्ष विचलित होईल असं आसपास काही नाही. तिच्या हातात खेळण्यातला पोपट आहे. वडील तो तिच्या हातातून घेतात आणि तिच्या डाव्या बाजूला गादीखाली ठेवतात. ती लगेच तिथे शोधते आणि पोपट पकडते. पुन्हा एकदा तसंच लपवणं, पुन्हा एकदा तसंच सापडणं. मग वडील पोपट घेतात, तिच्या डोळ्यांदेखत अगदी सावकाश उजवीकडे नेतात आणि त्या बाजूला गादीखाली सारतात. जॅकलीन हे सगळं टक लावून पाहते. पोपट उजवीकडे दिसेनासा होतो आणि त्याच क्षणी ती डावीकडे वळून, तो आधी होता तिथे, शोधू लागते.

वडील आणखी चार वेळा लपवतात. आता डावीकडे काहीच ठेवत नाहीत, प्रत्येक वेळी थेट उजवीकडे. प्रत्येक वेळी ती नीट पाहते आणि प्रत्येक वेळी डावीकडेच शोधते. गादी उलटून बघते, खालची जागा मन लावून तपासते. शेवटच्या दोन खेपांना तिचा शोध मंदावत जातो.

प्रकरण एवढंच आहे. एक बाळ, एक गादी, एक खेळणं आणि समोर बसलेले वडील. हे वडील म्हणजे झाँ पियाजे. जॅकलीनचा जन्म जानेवारी १९२५ चा, म्हणजे ही नोंद त्याच वर्षाच्या अखेरची. पियाजे त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या न्यूशाटेल विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. त्यांचं मूळ शिक्षण प्राणिशास्त्राचं, डॉक्टरेट गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांवरची. जिवंत प्राण्याकडे तासन् तास बघायचं आणि दिसेल ते लिहून ठेवायचं, ही तिथली सवय त्यांनी घरी आणली. जॅकलीन, ल्युसिएन आणि लोराँ या आपल्या तीन मुलांच्या बारीकसारीक हालचाली ते आणि त्यांच्या पत्नी व्हॅलेन्टीन टिपत राहिले. वय लिहायची त्यांची पद्धतही नेमकी होती: आधी वर्षं, मग महिने, कंसात दिवस. ही नोंद ०;१० (१८) अशी आहे. ती १९३७ साली फ्रेंचमध्ये छापून आली आणि बालमानसशास्त्रात ‘ए-नॉट-बी चूक’ म्हणून जी गोष्ट शिकवली जाते, तिचं हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ठरलं. डावीकडची जागा ए, उजवीकडची बी.

या नोंदीचा अर्थ बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकला जातो: दहा महिन्यांच्या बाळाला दृष्टीआड झालेली वस्तू अस्तित्वात असते हे पुरतं कळलेलं नसतं. मला हे वाक्य अपुरं वाटतं, आणि ते सारखं सांगितलं जात असल्यामुळे जास्तच खटकतं. जॅकलीन शोधत होती. नसलेली वस्तू कोणी शोधत नाही. पोपट आहे हे तिला ठाऊक होतं. हुकली ती जागा. जागा का हुकली हे शोधायचं तर त्या दृश्यातला एकेक घटक सुटा करून पाहावा लागतो. नंतरच्या संशोधकांनी बऱ्याच अंशी तेच केलं.

अडीच महिने आधी

पण त्याआधी जॅकलीन कुठून इथवर आली ते पाहू. ती सात महिने अठ्ठावीस दिवसांची असतानाची एक नोंद आहे. पांघरुणावर सेल्युलॉइडचं बदक ठेवलेलं आहे आणि ती ते पकडायला बघते आहे. जवळजवळ हाताशी येतं, तेवढ्यात तिच्याच हलण्यानं बदक घरंगळतं आणि तिच्या हाताच्या अगदी जवळ, पण चादरीच्या चुणीमागे पडतं. तिची नजर बदकाबरोबर गेलेली आहे, पसरलेला हातही त्याच्या मागे गेलेला आहे. बदक दिसेनासं झालं आणि सगळं थांबलं. चुणी तिच्या बोटांत आहे, ती तिला पीळही देते, पण चुणीमागे बघायचं काही तिच्या मनात येत नाही.

मग पियाजे बदक बाहेर काढून तिच्या हाताजवळ ठेवतात. ती पकडायला जाते, हात पोहोचणार एवढ्यात ते सरळ तिच्यासमोर बदक चादरीखाली घालतात. ती हात मागे घेते. हे तीनदा होतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते तिला चादरीवरूनच बदक हातात धरायला लावतात. ती क्षणभर ते हलवते. बदक कापडाखाली तिच्या मुठीत आहे, तरी कापड उचलायचं तिला सुचत नाही.

या नोंदीशेजारी गादीची नोंद ठेवली की मधल्या अडीच-तीन महिन्यांत केवढी मजल मारली गेली ते दिसतं. आठव्या महिन्यात वस्तू झाकली गेली की प्रयत्न संपत होता. अकराव्या महिन्यात ती गादी उचलते, खाली बघते, सापडलं नाही तरी लगेच सोडून देत नाही. पियाजेंच्या मांडणीत पहिल्या दोन वर्षांत सहा पायऱ्या आहेत आणि गादीची नोंद चौथ्या पायरीवर येते. ती साधारण आठव्या ते बाराव्या महिन्यांतली. ‘चूक’ या नावानं ओळखली जाणारी ही पायरी खरं तर यशाची आहे, हे पालकांना सांगताना मी आधी सांगते. बाळ ज्या वयात चुकीच्या जागी शोधू लागतं, त्याच वयात ते पहिल्यांदा शोधूही लागलेलं असतं.

पियाजेंचं वाचन

पियाजेंनी या वळण्याचा अर्थ लावताना तीन शक्यता स्वतःच मांडल्या होत्या. एक, स्मरण कमी पडलं: पोपट शेवटी कुठे गेला हे ती विसरली. दोन, जागेची मांडणी कच्ची आहे: डावं-उजवं, इथं-तिथं यांचं भान तिला अजून आपल्या शरीरापासून वेगळं करता येत नाही. तीन, वस्तूच अजून पक्की झालेली नाही: पोपट ही तिच्या लेखी स्वतंत्र चीज नसून ‘डावीकडे हात घातला की मिळतो तो’ असा कृतीला चिकटलेला पोपट आहे. त्यांचा कौल असा की या तिन्ही एकाच गोष्टीच्या बाजू आहेत, आणि मुळाशी तिसरी आहे.

पुढे पाठ्यपुस्तकांत फक्त तिसरी उरली. तिन्ही शक्यता एकमेकींत गुंतलेल्या आहेत हे त्यांचं म्हणणं मला जास्त मोलाचं वाटतं. नंतरच्या प्रयोगांनी दाखवलं तेही याच्या बरंच जवळचं आहे. फरक एवढाच की मुळाशी तिसरी आहे हा त्यांचा कौल तितकासा टिकला नाही.

मधले काही सेकंद

नोंदीत एक गोष्ट नाही: पोपट गादीखाली गेल्यापासून जॅकलीनला शोधू देईपर्यंत किती वेळ गेला. १९७० च्या दशकात जेराल्ड ग्रॅच यांच्या आणि पॉल हॅरिस यांच्या प्रयोगांतून कळलं की वस्तू लपवल्या लपवल्या बाळाला हात घालू दिला तर ही चूक फारशी होतच नाही. थोडं थांबवलं की होते. एवढ्या एका निरीक्षणानं प्रकरणाचा रंग बदलतो. ‘झाकलेली वस्तू उरत नाही’ अशीच बाळाची समजूत असती, तर लगेच शोधताना तरी उजवीकडे हात का गेला असता?

अ‍ॅडेल डायमंड यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत सर्वांत चिकाटीचा. त्यांनी २५ बाळांना सहा महिन्यांपासून वर्षाची होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी तपासलं. प्रत्येक भेटीत प्रश्न एकच: या बाळाची आज चूक होण्यासाठी किती थांबवावं लागतं? साडेसात महिन्यांच्या आसपास दोन सेकंदांहून कमी वेळ पुरत होता. वर्षाच्या सुमाराला दहा सेकंदांहून अधिक थांबवावं लागत होतं. सरासरी दरमहा दोन सेकंदांची वाढ. एकाच वयाच्या दोन बाळांत मात्र बराच फरक असायचा.

हा हिशेब जॅकलीनला लावला तर साडेदहा महिन्यांच्या बाळाला चुकवायला आठेक सेकंद लागावेत. गादीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश पोपट नेणं, तो सारणं, हात बाहेर काढणं यात काही सेकंद सहज जातात. पण नोंद सांगते की पोपट दिसेनासा झाला त्याच क्षणी ती डावीकडे वळली. म्हणजे विसरायला फारसा अवधीच नव्हता. नुसत्या विसरण्यावर बोट ठेवून हे प्रकरण सुटत नाही. जॉर्ज बटरवर्थ यांनी १९७७ मध्ये दाखवलेलं याला दुजोरा देतं. त्यांनी पारदर्शक झाकणं वापरली, म्हणजे वस्तू बी जागी समोर दिसत होती, तरी काही बाळांचा हात ए जागी गेला. समोर दिसणारी वस्तू लक्षात ठेवावी लागत नाही.

डायमंड यांचं म्हणणं म्हणूनच दुपदरी आहे. बाळाला दोन कामं एकाच वेळी करायची असतात: नवी जागा मनात धरून ठेवायची आणि आधी यशस्वी झालेली हालचाल आवरायची. दोन्ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाकडे, कपाळामागच्या पटलाकडे जातात, आणि तो भाग पहिल्या वर्षात नुकता कामाला लागत असतो. १९८९ मध्ये डायमंड आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी हाच खेळ ऱ्हीसस माकडांना दिला. मेंदूच्या पुढच्या भागाच्या एका विशिष्ट पट्ट्याला इजा झालेली प्रौढ माकडं दोन ते पाच सेकंदांच्या विलंबानंतर साडेसात ते नऊ महिन्यांच्या बाळांसारखीच चुकली. मेंदूच्या मागच्या-वरच्या भागाला इजा असलेली माकडं मात्र चुकली नाहीत. वस्तू टिकून राहते हे प्रौढ माकडाला पूर्वी नक्कीच कळत होतं. इजेनं ते ज्ञान पुसलं गेलं असं म्हणणं ओढूनताणून होईल. कळलेलं हातापर्यंत नेणारी यंत्रणा बिघडली, हे जास्त पटतं.

शरीर कसं बसलं आहे

आता त्या दृश्यातल्या गादीकडे बघू. दोन्ही लपवण्याच्या जागा एकाच गादीखाली आहेत. दिसायला त्यांच्यात काही फरक नाही, फरक फक्त जॅकलीनच्या शरीराच्या कोणत्या बाजूला आहेत एवढाच. एका अर्थानं हा प्रयोग बाळासाठी फारच अवघड करून ठेवलेला होता. गॅव्हिन ब्रेम्नर यांनी १९७८ मध्ये दोन जागांची झाकणं स्पष्ट वेगळी ठेवली, तेव्हा चूक कमी झाली. त्याआधी १९७७ मध्ये ब्रेम्नर आणि पीटर ब्रायंट यांनी बाळांना ए जागी वस्तू शोधायला लावून मग टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन बसवलं. बाळांनी शरीराच्या त्याच बाजूला हात टाकला, जरी टेबलावरची जागा आता बदललेली होती. ‘तिकडे’ म्हणजे ‘माझ्या डाव्या हाताला’, असा हिशेब.

इथून लिंडा स्मिथ, एस्थर थेलन आणि त्यांचे सहकारी आणखी पुढे गेले. १९९९ च्या त्यांच्या प्रयोगमालिकेत एका ठिकाणी खेळणं लपवलंच नव्हतं. नुसती दोन झाकणं. ए झाकण हलवून बाळाचं लक्ष वेधायचं, बाळ ते घेतं. असं काही वेळा झाल्यावर बी झाकण हलवायचं. बाळाचा हात ए झाकणाकडेच गेला. ज्यात लपलेलं काही नाही तिथेही तीच चूक! आणि दुसऱ्या प्रयोगात ए जागेच्या फेऱ्या बाळाला बसवून घेतल्या, बी जागेच्या वेळी त्याला उभं धरलं. एवढ्या बदलानं चूक ओसरली. शरीराची ठेवण बदलली, तशी आधीच्या हालचालीची पकडही सुटली.

हा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थक्क झाले होते. वस्तूबद्दलची बाळाची समजूत उभं राहिल्यानं बदलत नाही. बदलतो तो हाताचा पूर्वीचा रस्ता. थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष असा की ‘वस्तूची संकल्पना’ अशी वेगळी चीज डोक्यात शोधत बसण्यात अर्थ नाही. नजर, हात, बसण्याची ठेवण आणि नुकत्याच केलेल्या हालचालींची आठवण यांच्या ओढाताणीतून बाळाचा पुढचा हात ठरतो.

इथे मात्र मी त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत जाऊ शकत नाही, आणि अडवते ती जॅकलीनची नोंदच. हाताची नुसती सवय असती तर डावीकडे हात घालून, काही न लागल्यावर ती थांबली असती, किंवा हात मागे घेऊन दुसरीकडे बघितलं असतं. तिनं गादी उलटली. जागा तपासली. रिकामं दिसूनही पुढच्या खेपेला पुन्हा तपासली. हा चुकलेल्या हाताचा व्यवहार दिसत नाही. ‘इथेच असला पाहिजे’ अशा अपेक्षेनं केलेला शोध दिसतो. झाकणांच्या प्रयोगात बाळं हाताच्या सवयीनं चुकली असतील. जॅकलीन मात्र पोपटासाठी चुकली, असं मला वाटतं. एकच बाह्य चूक वेगवेगळ्या आतल्या कारणांनी होऊ शकते, आणि या क्षेत्रातला बराच वाद सगळ्यांना एकच कारण हवं असल्यानं लांबला आहे.

सराव हाही एक घटक आहे. पियाजेंनी ए जागी दोनदाच लपवलं होतं, आणि दोन फेऱ्या म्हणजे काही मुरलेली सवय नव्हे. एवढ्याशा यशानंतर पाच वेळा सलग रिकाम्या जागी परतणं, हे सवयीच्या बाजूनं समजावणं आणखी जड जातं.

समोरचा माणूस

नोंद वाचताना एक गोष्ट सहज निसटते: पोपट स्वतःहून सरकत नव्हता. वडील तो सरकवत होते, मुलीसाठी, मुलीच्या डोळ्यांसमोर. योझेफ टोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दहा महिन्यांच्या बाळांबरोबर हाच खेळ वेगवेगळ्या रीतीनं खेळला. लपवणारी व्यक्ती बाळाच्या डोळ्यांत बघून, लाडानं बोलून लपवत असेल तेव्हा चूक खूप झाली. तीच व्यक्ती बाळाकडे न बघता लपवत असेल तेव्हा बरीच कमी. त्यांचा तर्क असा की मोठं माणूस आपल्याकडे बघून काही करतं तेव्हा बाळ ते शिकवण म्हणून घेतं: ‘ही वस्तू इथे असते बरं का.’ मग बी जागेचा एखादा प्रसंग त्या शिकवणीपुढे फिका पडतो. सगळी चूक यानं उलगडत नाही, कारण न बघता लपवलं तरी काही बाळं चुकलीच. पण घरातल्या गादीवर वडिलांनी केलेल्या प्रयोगाला हे फार चपखल लागू पडतं.

हात काही म्हणतो, नजर काही

आतापर्यंतचं सगळं हाताबद्दल झालं. १९८५ मध्ये रेने बायार्जाँ, एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅन्ली वॉसरमन यांनी हाताला बाजूलाच ठेवलं. पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक पडदा खालच्या कडेवर मागे-पुढे कलंडत होता, पूर्ण १८० अंशांतून. मग पडद्याच्या वाटेत मागे एक खोका ठेवला. पडदा वर आला की खोका झाकला जायचा. एका वेळी पडदा खोक्याला टेकल्यासारखा थांबायचा, दुसऱ्या वेळी खोका नसल्यासारखा पार मागे जायचा. बाळं दुसऱ्या, अशक्य दृश्याकडे जास्त वेळ बघत राहिली. १९८७ च्या अभ्यासात साडेचार महिन्यांच्या, आणि काही साडेतीन महिन्यांच्या बाळांकडूनही असाच प्रतिसाद मिळाला. झाकलेला खोका तिथेच आहे, असं काहीतरी त्यांच्या मनात असल्याशिवाय हे घडणार नाही, असा निष्कर्ष काढला गेला.

यावर आक्षेप घेतले गेले ते रास्त होते. पूर्ण १८० अंश फिरणारा पडदा मुळातच जास्त हलतो, म्हणून जास्त बघावासा वाटतो का, हा प्रश्न सुझन रिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रयोगानिशी विचारला. जास्त वेळ बघणं म्हणजे जाणणं असं समीकरण मांडता येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण जॅकलीनच्या प्रकरणासाठी ज्या दोन अभ्यासांचं वजन मला जास्त वाटतं, त्यांना हा आक्षेप तितकासा लागत नाही. १९८९ मध्ये बायार्जाँ आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना वस्तू एका आडोशामागे लपताना दाखवली, ७० सेकंद थांबवलं, आणि मग ती भलत्याच आडोशामागून काढली. बाळं जास्त वेळ बघत राहिली. सत्तर सेकंद! त्याच वयाच्या बाळाचा हात दोन-तीन सेकंदांत चुकतो.

दुसरा अभ्यास अहमद आणि रफमन यांचा, १९९८ चा. त्यांनी शोधताना ए-नॉट-बी चूक करणारीच बाळं घेतली आणि त्यांना तेच लपवणं नुसतं बघायला दिलं. वस्तू बी जागी लपवून ए जागेतून निघाली, तर ती बाळं जास्त वेळ बघत राहिली. ज्या बाळाचा हात ए जागी जातो, त्याच बाळाच्या नजरेला ए जागी वस्तू मिळणं विचित्र वाटतं. डायमंड यांनीही नोंदवलं आहे की काही बाळं हात ए जागी घालतात आणि त्याच वेळी बघतात मात्र बी जागेकडे.

म्हणूनच ‘जॅकलीनला ठाऊक होतं की नव्हतं’ हा प्रश्न मी सोडून दिला आहे. कशात ठाऊक होतं, असं विचारावं लागतं. नजर स्थिर ठेवायला थोडं ज्ञान पुरतं. हात पुढे करायला त्याहून पक्कं लागतं. गादी उचलायला एका हालचालीसाठी दुसरी हालचाल मनात जुळवावी लागते, तिथे आणखी पक्कं. जुनी हालचाल आवरून नवी करायला तर सर्वांत पक्कं. युको मुनाकाता आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये असंच मांडलं: लपलेल्या वस्तूची मनातली खूण एकदम उमटत नाही, ती महिन्यागणिक गडद होत जाते, आणि फिकट असताना ती सोप्या कामाला पुरते, अवघड कामाला पुरत नाही. सात महिन्यांच्या जॅकलीनच्या चादरीखालच्या मुठीतलं बदक या मांडणीत मला नीट बसतं. बदक हाताला लागत होतं. ते मिळवायला कापड दूर करावं लागतं, इथवर तिची खूण पोहोचत नव्हती.

पुढे

जॅकलीनची गोष्ट गादीपाशी संपली नाही. दुसऱ्या वर्षात डोळ्यांसमोर हलवलेली वस्तू शेवटी जिथे गेली तिथेच शोधणं जमू लागतं. अडतं ते न दिसलेल्या हालचालीपाशी. ती साधारण दीड वर्षाची असताना हिरव्या सतरंजीवर बसून एका बटाट्याशी खेळत होती. पियाजेंनी बटाटा तिच्यासमोर एका डबीत घातला, डबी सतरंजीखाली नेली, तिथे उपडी करून बटाटा खालीच ठेवला आणि रिकामी डबी बाहेर काढली. मग म्हणाले, बाबांना बटाटा दे. तिनं डबीत पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा डबी बारकाईनं पाहिली, सतरंजीकडेही पाहिलं. सतरंजी उचलली मात्र नाही. महिना-दीड महिन्यानं पियाजेंनी मुठीत नाणं धरून ती मूठ पांघरुणाखाली नेऊन रिकामी बाहेर काढली, तेव्हा तिनं मूठ उघडून पाहिली आणि लगोलग पांघरुणाखाली हात घालून नाणं सापडेपर्यंत शोधलं. न पाहिलेली हालचाल तिनं मनात रचली होती.

धाकट्या ल्युसिएनची एक नोंद याच मालिकेत वाचायला हवी, कारण तिच्यात लपवाछपवी अजिबात नाही. ती सव्वा वर्षाची आहे, आईबरोबर बागेत. वडील येतात. ती त्यांना येताना बघते, ओळखून हसते. ते जेमतेम दीड मीटरवर आहेत. आई विचारते, बाबा कुठे आहेत? ल्युसिएन वळते आणि वडिलांच्या अभ्यासिकेच्या खिडकीकडे बोट दाखवते, जिथे ती त्यांना नेहमी बघत असे. वडील हरवलेले नाहीत, झाकलेले नाहीत, विसरलेलेही नाहीत. ‘बाबा कुठे’ या प्रश्नाला तिच्याकडे मुरलेलं एक उत्तर आहे आणि ते समोरच्या माणसावर मात करतं. गादी आणि खिडकी शेजारी ठेवल्या तर वस्तू असते-नसते हा मुद्दा मागे पडतो. माणसाची किंवा वस्तूची जागा ठरवताना आधीचं आणि आत्ताचं यांत चढाओढ लागते आणि आत्ताचं अजून दुबळं असतं, हे पुढे येतं.

या सगळ्याचा उपयोग बाळांच्या तपासणीत रोज होतो. पियाजेंच्या पायऱ्यांवरून उझगिरिस आणि हंट यांनी १९७५ मध्ये बालविकासाची मापनश्रेणी तयार केली आणि खेळणं झाकून शोधायला लावण्याचा भाग आज अनेक चाचण्यांत असतो. त्यातल्या एका रकान्यात ‘नाही’ अशी खूण झाली की आई-वडील धास्तावतात. खूण करण्याआधी तपासणाऱ्यानं शेजारी लिहून ठेवावं: लपवल्यावर किती सेकंद थांबवलं, आधी किती वेळा दुसऱ्या जागी लपवलं, दोन्ही फडकी एकाच रंगाची होती का, बाळ मांडीवर होतं की जमिनीवर, लपवताना आपण त्याच्याशी बोलत होतो का, आणि हात गेला तेव्हा नजर कुठे होती. बाळ अकरा महिन्यांचं असेल, झाकलेलं शोधत असेल आणि जागा चुकत असेल, तर तेच खेळणं न थांबवता, वेगळ्या रंगाच्या फडक्याखाली लपवून पुन्हा पाहावं. बहुतेकदा हात बरोबर जागी जातो, आणि तेही त्याच कागदावर लिहावं.